मनाचं दुखणं, मेंदूचं वय

मनाचा आजार झालेल्या माणसाच्या मेंदूचं पुढच्या तीस-चाळीस वर्षांत काय होतं, हा प्रश्न आपल्याकडे क्वचितच विचारला जातो. आजार उसळला की धावपळ होते. भगत होतो, देऊळ-दर्गा होतो, मग डॉक्टर आणि गोळ्या. माणूस शांत झाला, दोन घास जेवू लागला, कामावर जाऊ लागला की घरच्यांच्या लेखी विषय संपतो. पुढे साठीनंतर त्याच माणसाला बाजारातून घरी यायचा रस्ता सापडेनासा होतो, सुट्या पैशांचा हिशेब जमेनासा होतो, तेव्हा ‘वय झालं’ म्हणून सोडून दिलं जातं. पहिलं दुखणं आणि हे दुसरं दुखणं यांच्या मधे जी वर्षं गेली, ती या पुस्तकाचा विषय आहे.

ही प्रस्तावना मी बेटेगावात बसून लिहितो आहे, आणि ते सांगणं गरजेचं आहे. बेटेगाव हे पालघर जिल्ह्यात बोईसरच्या पूर्वेला, चिल्हार फाट्याकडे जाणाऱ्या वाटेवरचं गाव. एका अंगाला भातशेती आणि आदिवासी पाडे, दुसऱ्या अंगाला गेल्या पंधरा-वीस वर्षांत उभ्या राहिलेल्या इमारती. पाड्यांवर पिढ्यान्‌पिढ्या राहणारी कुटुंबं आहेत. इमारतींत तारापूर एमआयडीसीत पाळीवर जाणारे कामगार आहेत, मुंबईत घर परवडलं नाही म्हणून इथवर आलेले आणि रोज लोकलनं परत मुंबई गाठणारे नोकरदार आहेत, उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून पोटासाठी आलेले लोक आहेत. मनाला आणि मेंदूला झिजवणाऱ्या बहुतेक गोष्टी पाच-सात किलोमीटरच्या परिघात इथं एकत्र सापडतात. मेंदूच्या आरोग्याबद्दल मराठीत जे थोडंफार लिहिलं जातं, ते शब्दकोडी सोडवणाऱ्या, सकाळी बागेत फिरायला जाणाऱ्या निवृत्तांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेलं असतं. रात्रपाळी करून आलेला माणूस त्यात कुठंच नसतो.

मराठी माणसानं हे आजार पडद्यावर मात्र पाहिले आहेत, आणि फार नितळपणे पाहिले आहेत. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’त अतुल कुलकर्णींनी उभा केलेला शेष स्किझोफ्रेनियानं आजारी आहे, आणि त्याला सांभाळणाऱ्या बहिणीचं आयुष्यही त्या आजाराभोवती फिरतं. याच जोडीनं ‘कासव’मध्ये जगणं नकोसं झालेला एक तरुण दाखवला, त्या चित्रपटाला २०१७ साली सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाला. आणि ‘अस्तु’मध्ये संस्कृतचे गाढे पंडित असलेले चक्रपाणी शास्त्री, ज्यांची स्मृती विरत चालली आहे, रस्त्यात दिसलेल्या हत्तीच्या मागोमाग निघून जातात. ती भूमिका करणारे डॉ. मोहन आगाशे स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत. तीन चित्रपट, तीन माणसं, तीन आजार. हे चित्रपट मी एकामागोमाग एक पाहिले तेव्हा माझ्या मनात वेगळाच प्रश्न उभा राहिला. ‘कासव’मधला तो तरुण सत्तरीचा झाला म्हणजे त्याची स्मरणशक्ती कशी असेल? शेष साठीत पोचेल तेव्हा त्याची काळजी कोण घेत असेल, आणि त्याच्या रक्तातली साखर कोणी तपासलेली असेल का? शास्त्रीबुवांच्या तरुणपणात एखादा काळाकुट्ट कालखंड येऊन गेला होता का, ज्याला त्या काळात कोणी आजार म्हटलंच नाही? या प्रश्नांची उत्तरं चित्रपटानं द्यायची नसतात. पण वैद्यकशास्त्रानंही ती शोधायला फार उशीर केला.

उशीर म्हणायचं कारण असं की सुरुवात एकाच खोलीत झाली होती. १९०१ साली जर्मनीतल्या फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात ऑगस्टे डेटर नावाची एक्कावन्न वर्षांची बाई दाखल झाली. तिच्या दुखण्याची पहिली ठळक खूण विस्मरण ही नव्हती, नवऱ्याबद्दलचा संशय ही होती. मग स्मरण गेलं, बोलणं तुटक झालं, दिशा कळेनाशी झाली. तिला तपासणारे अलॉइस अल्झायमर हे मनोविकारतज्ज्ञ होते. १९०६ साली ती वारली, तेव्हा त्यांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि त्याच वर्षी ट्यूबिंगेनच्या एका सभेत त्यात दिसलेल्या गाठी आणि साचलेले थर यांचं वर्णन केलं. त्या आजाराला अल्झायमरचं नाव दिलं ते एमिल क्रेपेलिन यांनी, १९१० साली. हेच क्रेपेलिन आज ज्याला आपण स्किझोफ्रेनिया म्हणतो त्याला ‘अकाली बुद्धिनाश’ या अर्थाचं नाव देऊन बसले होते. म्हणजे मनाचा आजार आणि मेंदूची झीज यांचा विचार तेव्हा एकाच टेबलावर होत होता. पुढे वाटणी झाली. संशय, भास, उदासी मनोविकारतज्ज्ञाकडे गेली. विस्मरण, लकवा, कंप मेंदूविकारतज्ज्ञाकडे गेला. रुग्णाचे कागद दोन फायलींत गेले आणि एका फाईलमधलं दुसऱ्या फाईलला कळेनासं झालं. आजही कळत नाही. साठीतल्या माणसाला विस्मरणासाठी नेल्यावर ‘तिशीत तुम्हाला मोठं नैराश्य येऊन गेलं होतं का’ असं विचारणारा डॉक्टर भेटला, तर त्या घराचं नशीब मोठं.

गेल्या काही वर्षांत या दोन फायली पुन्हा जोडण्याचं काम झालं आहे, आणि ते त्या देशांत झालं जिथं प्रत्येक नागरिकाची दवाखान्यातली नोंद आयुष्यभर सांभाळली जाते. न्यूझीलंडमध्ये सतरा लाखांहून अधिक लोकांच्या १९८८ ते २०१८ अशा तीस वर्षांच्या नोंदी तपासल्या गेल्या. सुरुवातीला हे लोक २१ ते ६० वर्षांचे होते. ज्यांना मनोविकारासाठी रुग्णालयात उपचार घ्यावे लागले होते, त्यांच्यापैकी ६.१ टक्क्यांना त्या काळात डिमेन्शियाचं, म्हणजे स्मृती आणि बुद्धी झिजत जाण्याच्या आजाराचं, निदान झालं. ज्यांना तसे उपचार लागले नव्हते, त्यांच्यात हे प्रमाण १.८ टक्के होतं. शिवाय मनोविकार असलेल्यांत डिमेन्शिया लवकरच्या वयातही दिसला. हा अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी डेन्मार्कमधून नैराश्याबद्दलचा अभ्यास आला, चौदा लाखांच्या आसपास लोकांचा. नैराश्याचं निदान तारुण्यात झालेलं असो, मध्यमवयात असो की म्हातारपणी, डिमेन्शियाचा धोका दुपटीहून जास्त आढळला.

हे आकडे वाचून ज्यांच्या घरात मनाचा आजार आहे त्यांच्या पोटात गोळा येईल हे मला कळतं. म्हणून तेच आकडे दुसऱ्या बाजूनंही वाचूया. न्यूझीलंडच्या त्या अभ्यासात, रुग्णालयात दाखल होण्याइतपत गंभीर आजार झालेल्या शंभरातल्या जवळपास चौऱ्याण्णव जणांना त्या तीस वर्षांत डिमेन्शियाचं निदान झालेलं नव्हतं. धोका वाढतो याचा अर्थ ठरून जातो असा नाही. मधे जी वर्षं असतात त्यांत काय केलं जातं, याला म्हणून तर महत्त्व येतं.

आणि एक मोठी शंका इथं प्रामाणिकपणे मांडायला हवी, कारण ती मांडणारे लोक साधे नाहीत. लंडनमधल्या सरकारी कर्मचाऱ्यांचा एक अभ्यास १९८५ पासून चालू आहे, दहा हजारांहून अधिक लोकांचा. त्यातल्या नोंदींवर काम करणाऱ्या अर्चना सिंग-मनू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवलं की मध्यमवयातल्या उदासीच्या लक्षणांचा पुढच्या डिमेन्शियाशी फारसा संबंध दिसत नाही. डिमेन्शियाचं निदान व्हायच्या साधारण दहा वर्षं आधीपासून मात्र ही लक्षणं वाढत जातात. अर्थात उतारवयातली उदासी हे कित्येकदा डिमेन्शियाचं कारण नसतं, त्याची पहिली चाहूल असते. मला वाटतं यात एकाची बाजू घेऊन दुसऱ्याला खोटं पाडायची गरज नाही. लंडनचे लोक नोकरीत टिकलेले, पगार घेणारे होते. न्यूझीलंडमधले मनोविकाराचे रुग्ण रुग्णालयापर्यंत पोचलेले होते. हलकी उदासी आणि घर उद्ध्वस्त करणारं नैराश्य यांना एका मापानं मोजता येत नाही. आणि आजवर कधीही खचला नव्हता असा माणूस पासष्टाव्या वर्षी अचानक खचला, तर ‘मुलं दूर गेली म्हणून असेल’ एवढ्यावर थांबू नये, त्याची स्मरणशक्तीही तपासून घ्यावी, हा त्या लंडनच्या अभ्यासाचा आपल्याला फार मोलाचा उपयोग आहे.

मग हा संबंध जुळतो तरी कसा? त्याच्या यंत्रणेबद्दल पुढच्या प्रकरणांत सविस्तर येईल, इथं थोडक्यात. दीर्घकाळ ताणात राहिलेल्या शरीरात कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक चढं राहतं आणि आठवणी घडवणारा मेंदूतला हिप्पोकॅम्पस हा भाग त्याला फार संवेदनशील असतो. नैराश्याचे झटके वारंवार आलेल्या माणसांत तो आकारानं किंचित लहान आढळतो. शरीरात मंद दाह चालू राहतो, झोप मोडते, रक्तवाहिन्या कडक होतात. हे झालं आजाराचं स्वतःचं काम. पण माझ्या मते याहून मोठा वाटा आजाराच्या आसपास जे घडतं त्याचा आहे, आणि त्याकडेच आपण सर्वांत कमी पाहतो. आजारी माणूस बिडी-तंबाखूचा आधार घेतो. घराबाहेर पडत नाही. काही औषधांनी वजन वाढतं, साखर आणि चरबी वाढते. शाळा किंवा नोकरी अर्ध्यावर सुटते. मित्र तुटतात. छातीत दुखतं असं तो सांगतो तेव्हा ‘याच्या डोक्यातलं आहे’ म्हणून कोणी मनावर घेत नाही. गंभीर मनोविकार असलेली माणसं इतरांपेक्षा दहा ते वीस वर्षं लवकर मरतात असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि त्यातले बहुतेक मृत्यू हृदयविकारासारख्या शरीराच्या आजारांनी होतात. ज्या वाहिन्या हृदयाला रक्त पुरवताना खराब होतात, त्या मेंदूला पुरवताना ठणठणीत कशा राहतील?

‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकानं नेमलेल्या आयोगानं २०२४ साली डिमेन्शियाची टाळता येण्याजोगी चौदा कारणं मांडली. त्यांवर आयुष्यभर काम केलं तर जगातला सुमारे ४५ टक्के डिमेन्शिया टळू किंवा लांबू शकतो, असा त्यांचा हिशेब आहे. नैराश्य त्या यादीत आहेच. पण उरलेली तेरा पाहा: कमी शिक्षण, ऐकू न येणं, दृष्टी मंदावणं, डोक्याला मार, रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल, लठ्ठपणा, धूम्रपान, दारू, व्यायामाचा अभाव, एकटेपणा, हवेचं प्रदूषण. मनोविकार असलेल्या माणसाच्या वाट्याला यातल्या कितीतरी गोष्टी इतरांपेक्षा जास्त येतात. आणि तो माणूस पालघर जिल्ह्यात राहत असेल, तर आणखी जास्त.

जिल्ह्याची गोष्ट गर्भापासून सुरू करावी लागते. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नाझी फौजांनी हॉलंडच्या पश्चिम भागाची अन्नकोंडी केली. त्या उपासमारीच्या ऐन काळात ज्यांची गर्भधारणा झाली, त्या मुलांमध्ये पुढे मोठेपणी स्किझोफ्रेनियाचं प्रमाण सुमारे दुप्पट निघालं. चीनमधल्या १९५९ ते ६१ च्या दुष्काळानंतरही तेच दिसलं. आता पालघरमधल्या जव्हार-मोखाड्याकडे वळा. १९९२ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणानं बालकं दगावली तेव्हा महाराष्ट्र हादरला होता. मंत्र्यांचे दौरे झाले, योजना आल्या. जी मुलं दगावली त्यांची मोजणी झाली. जी जगली ती आज तिशी ओलांडून गेली आहेत. त्यांच्या आईच्या पोटात असताना, आणि पहिल्या दोन वर्षांत, मेंदूला जे मिळायला हवं होतं ते मिळालं नाही, त्याचा हिशेब कोणी ठेवला? मी असं म्हणत नाही की त्यांच्यात अमुक आजार आहे. ते तपासल्याशिवाय कोणी म्हणू नये. पण मेंदूचं म्हातारपण साठीत सुरू होत नाही, गरोदर बाईच्या ताटात सुरू होतं, हे या जिल्ह्याइतकं दुसरीकडे क्वचितच उघड दिसेल. दिवाळीनंतर घराला कुलूप घालून वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबातली मुलगी पाचवी-सहावीत शाळा सोडते, तेव्हा त्या चौदा कारणांतलं पहिलं कारण तिच्या पदरात पडलेलं असतं.

इकडे तारापूरची गोष्ट वेगळी आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २०१८ साली देशातल्या औद्योगिक पट्ट्यांचं प्रदूषण मोजलं, त्यात ९३.६९ गुणांनी तारापूर सर्वांत वर होतं. हवा बिघडते हे इथं सगळ्यांना नाकानं कळतं. आवाजाबद्दल मात्र कोणी बोलत नाही. कापडाच्या मागांवर, पत्र्याच्या आणि लोखंडाच्या कारखान्यांत वर्षानुवर्षं काम केलेल्या माणसाला पन्नाशीत कमी ऐकू येऊ लागतं. तो पाहुण्यांत बसणं टाळतो, फोन घेत नाही, हळू बोललं की आपल्याबद्दलच बोलतात असं त्याला वाटायला लागतं. घरचे म्हणतात, माणूस एककल्ली झाला. लॅन्सेटच्या त्या यादीत मध्यमवयातल्या बहिरेपणाला सर्वांत मोठ्या वाट्यांपैकी एक वाटा दिलेला आहे, आणि श्रवणयंत्र ही त्यावरची किती साधी गोष्ट आहे. त्यात पाळीचं जिणं. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी. इमारतीत दिवसा कुकरच्या शिट्ट्या आणि शेजारच्या खोदकामात झोप लागत नाही. उन्मादाचा, म्हणजे बायपोलर आजाराचा रुग्ण असेल, तर नुसती झोप मोडण्यानं झटका येऊ शकतो. अशा माणसाला रात्रपाळीतून मोकळं करायला डॉक्टरची चिठ्ठी लागते, आणि चिठ्ठी द्यायची तर आजार कारखान्यात उघड होतो, आणि आजार उघड झाला तर कंत्राटी कामगाराची नोकरी जाते. मेंदूची काळजी घ्या असं सांगणाऱ्यांनी ही अडचण आधी समजून घ्यावी.

दारूबद्दल लिहिताना मला नेहमी भीती वाटते की कोणी ते आदिवासींवरचा ठपका म्हणून वाचेल. ताडी, मोहाची दारू पाड्यावर आहे, तशी विलायती दारू इमारतींतही आहे. उदास माणूस पितो, पिण्यानं अधिक उदास होतो, पिणाऱ्याचं जेवण सुटतं आणि थायमिन हे जीवनसत्त्व शरीरात संपत जातं. त्यातून अचानक गोंधळलेपण, डोळ्यांची हालचाल बिघडणं, झोकांड्या, असं दुखणं उद्भवतं. जर्मनीत कार्ल वेर्निके यांनी १८८१ सालीच त्याचं वर्णन केलं आहे. त्या वेळी थायमिनची इंजेक्शनं मिळाली तर मेंदू वाचतो. नाही मिळाली तर नवी आठवण ठेवण्याची शक्ती कायमची जाऊ शकते. झोकांड्या खाणारा माणूस ‘प्यायलेला’ म्हणून कोपऱ्यात निजवला जातो आणि ती वेळ निघून जाते. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून व्यसनाकडे आजार म्हणून पाहायला शिकवत आलं आहे. व्यसन हा मेंदूच्या आयुष्याचाही प्रश्न आहे, हे आता त्यात मिळवायला हवं.

इतकं सगळं विरुद्ध असताना इथल्या माणसाच्या बाजूनं काय आहे? एक गोष्ट आहे, आणि ती मला फार आवडते. हैदराबादमध्ये डॉ. सुवर्णा अल्लादी आणि सहकाऱ्यांनी डिमेन्शियाचे ६४८ रुग्ण तपासले. एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षा दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांत डिमेन्शिया सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झालेला आढळला. महत्त्वाचं म्हणजे, जे कधी शाळेत गेले नव्हते अशांमध्येही हा फरक होता. हा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. बेटेगावच्या पाड्यावरची म्हातारी घरात वारली बोलते, ग्रामपंचायतीत मराठी, भाजी विकताना गिऱ्हाईक पाहून हिंदी किंवा गुजराती. तिला कोणी शिकलेली म्हणत नाही. पण तिच्या मेंदूनं आयुष्यभर जो व्यायाम केला आहे तो भल्याभल्या पदवीधरांनी केलेला नाही. तिची नातवंडं इंग्रजी शाळेत जायला लागली म्हणून घरात वारली बोलायची बंद करणं हे, भाषेच्या प्रेमाचा मुद्दा सोडला तरी, मेंदूच्या दृष्टीनं तोट्याचं आहे.

आता उपचारांकडे. आमच्या भागात मनोरुग्णालय म्हणजे ठाणं, हे समीकरण शंभर वर्षांहून जुनं आहे. तिथलं मनोरुग्णालय १९०१ सालचं. योगायोग असा की ऑगस्टे डेटर फ्रँकफुर्टला दाखल झाली तेच वर्ष. डहाणूपर्यंत लोकल २०१३ साली आली तेव्हा बोईसरकरांची वाट थोडी सोपी झाली. मोखाड्याच्या माणसाला अजूनही आधी एसटी आणि मग गाडी, आणि सोबत येणाऱ्याचा दोन दिवसांचा रोज बुडतो. म्हणून माणसं एकदा जातात, तीन महिन्यांच्या गोळ्या आणतात, त्या संपल्या की थांबतात. २०१४ साली पालघर वेगळा जिल्हा झाला. देशाच्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाला १९९६ साली सुरुवात झाली, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं उपचार हा नागरिकाचा हक्क ठरवला. कागद आपल्या बाजूनं आहे. पण २०१५-१६ साली बंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेनं राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणी केली तेव्हा पाहणीतल्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. तलासरीच्या पलीकडचा गुजरात होता. त्या पाहणीत प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी मनोविकार असल्याचं आढळलं, आणि बहुतेकांना उपचार मिळत नव्हते. साठीपुढच्या भारतीयांत डिमेन्शियाचं प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं, असं २०२३ साली दुसऱ्या एका मोठ्या पाहणीनं दाखवलं. शहरापेक्षा खेड्यात जास्त, पुरुषांपेक्षा बायकांत जास्त. या दोन आकड्यांमध्ये सामाईक माणसं किती, हे आपल्या देशात सांगता येत नाही.

उपचार मिळतात तिथंही एक गोष्ट सुधारण्याजोगी आहे, आणि ती डॉक्टर मित्रांनी रागावू नये म्हणून आदरानं सांगतो. जुनी चिठ्ठी वर्षानुवर्षं तशीच पुढे चालू राहते. मनोविकाराच्या काही औषधांनी हातपाय कडक होतात, थरथरतात. ते कमी व्हावं म्हणून ट्रायहेक्सिफेनिडिल ही गोळी जोडलेली असते, जी अनेकांना ‘पॅसिटेन’ या नावानं माहीत आहे. ती त्या वेळी गरजेची असते. पण स्मरणासाठी मेंदूला जे अॅसिटिलकोलिन लागतं, त्याच्याच आड ती येते. उतारवयात तिनं माणूस गोंधळतो, विसरतो. वीस वर्षांपूर्वी सुरू झालेली ही गोळी आज लागते का, हा प्रश्न प्रत्येक फेरीला विचारला जायला हवा. तसंच थायरॉइड आणि ब१२ जीवनसत्त्वाची तपासणी; यांच्या कमतरतेनं माणूस उदासही होतो आणि विसराळूही, आणि दोन्ही सुधारू शकतात. उलटही घडतं: खोल नैराश्यातला म्हातारा माणूस ‘मला काही आठवत नाही, माहीत नाही’ एवढंच म्हणतो, डिमेन्शियाचा शिक्का बसतो, आणि नैराश्यावरचा उपचार केला की डोकं पुन्हा चालू लागतं. अशांना ‘आता वय झालं’ म्हणून परत पाठवणं हा अन्याय आहे.

क्रेपेलिन यांना वाटलं होतं की स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाची बुद्धी उतरणीलाच लागते. अमेरिकेत व्हरमाँटच्या मनोरुग्णालयातून १९५० च्या दशकात पुनर्वसन करून बाहेर पाठवलेल्या, ‘यांचं काही होणार नाही’ म्हणून मागच्या वॉर्डात पडलेल्या रुग्णांना कोर्टनी हार्डिंग आणि सहकाऱ्यांनी सरासरी ३२ वर्षांनी पुन्हा शोधून काढलं. निम्म्याहून अधिक माणसं लक्षणीय सुधारलेली होती, कित्येक कामधंदा करत होती. १९८७ साली हे प्रसिद्ध झालं. त्या रुग्णांना घर, काम आणि माणसं मिळाली होती. मनाचा आजार म्हणजे मेंदूला लागलेली वाळवी नव्हे, हे घराघरांत पोचायला हवं, कारण ज्याच्यावर घरानं आशा सोडली त्याचा रक्तदाब कोणी मोजत नाही, त्याला कोणी कामाला लावत नाही, त्याच्याशी कोणी गप्पा मारत नाही.

पुढच्या पानांत आजारांची प्रकरणं आहेत, औषधांचं एक आहे, आणि सांभाळणाऱ्यांसाठी एक आहे. ते शेवटचं प्रकरण आधी वाचलं तरी चालेल. बहिणी, आया, बायका, सुना वर्षानुवर्षं झोपमोड सोसतात, त्यांचं हसणं-बोलणं बंद होतं, त्यांचा रक्तदाब कोणी पाहत नाही. त्यांचाही मेंदू झिजतच असतो. घरात एकच चपाती लाटणारी असेल तर रुग्णाची आणि तिची तपासणी एकाच फेरीत करून घ्यावी. आशाताईंनी गृहभेटीत साखर-रक्तदाबाच्या वहीत मनाच्या आजाराचे रुग्ण विसरू नयेत. रुग्णानं जुन्या चिठ्ठ्या टाकून देऊ नयेत. पहिला झटका कधी आला, कोणत्या गोळ्या किती वर्षं घेतल्या, हे साध्या वहीत लिहून ठेवावं, कारण विसाव्या वर्षी झालेलं साठाव्या वर्षीच्या डॉक्टरला त्या वहीतूनच कळणार आहे.

हे वाचून कोणीही आपल्या मनानं गोळी बंद करू नये, अगदी वर जिचं नाव आलं तीसुद्धा. चिठ्ठी घेऊन डॉक्टरांकडे जावं आणि विचारावं. जाणं जमत नसेल तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालू असतो, पैसे लागत नाहीत, मराठीतून बोलता येतं.